सतरा सप्टेंबरला आठवण थांबवू नका : मुक्तिसंग्राम स्मृतिदालन समितीला खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष व सर्व सदस्य,
आमच्या तालुक्याची मुक्तिसंग्राम स्मृतिदालन समिती

सप्रेम नमस्कार.

निजामाच्या हैदराबाद संस्थानातून मराठवाडा सोडवणाऱ्या मुक्तिसंग्रामाचं तालुक्याच्या गावी कायमचं दालन होणार हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. आमच्या पोरांना पानिपत तोंडपाठ असायचं, पण आपले आजोबा ज्या राज्यात जन्मले ते कोणाचं होतं, हे विचारलं की वर्ग गप्प व्हायचा. म्हणून गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी मी टेपवर आणि पुढे मोबाइलवर नोंदवून ठेवत गेले. त्यातली बहुतेक माणसं आता हयात नाहीत. समितीने मागितल्या तेव्हा त्या सगळ्या आठवणी मी विनाअट दिल्या.

परवा फलकांचा अंतिम मसुदा पाहायला मिळाला. रझाकारीतल्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांच्या काळातल्या, आठवणी घेतल्या आहेत, नीट घेतल्या आहेत. निजाम शरण आला त्या १७ सप्टेंबर १९४८ नंतरची मात्र एकही नाही. कारण विचारलं तर उत्तर आलं, "बाई, हुतात्म्यांच्या दालनात हा विषय नको. लढ्याला गालबोट लागतं, आणि लोकांच्या धार्मिक भावनांचाही प्रश्न आहे." बैठकीत बाजू मांडायला वेळ मागितला, तो मिळाला नाही. दालन लोकांच्या पैशातून उभं राहतंय, तेव्हा लोकांनीही वाचावं म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे.

आधी माझा संबंध सांगते. माझ्या आजोबांचे थोरले भाऊ १९४८च्या सुगीत रझाकारांनी खळ्यावर मारले. मळणी चालू होती. आजोबा त्या वेळी बार्शीकडे सरहद्दीवरच्या स्वातंत्र्यसैनिकांच्या कॅम्पात होते, त्यांना निरोप पोचायलाच बरेच दिवस लागले. घरात बायका, पोरं आणि एक आंधळी पणजी. रझाकारांची टोळी गावात शिरली की आजी तरुण सुनांना बळदात उतरवायची. ज्यांनी जुना वाडा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते : बळद म्हणजे भिंतीतच बांधून काढलेलं धान्याचं कोठार, वरून तोंड, खाली दाणे काढायला छोटी खिडकी. ज्वारी निम्म्याला आलेली असली की दोन माणसं आत बसतात. वरून फळी, फळीवर कडब्याच्या पेंढ्या. पाणी पितळी तांब्यात, दोरीनं सोडायचं. आत ज्वारीची कूस अंगाला टोचायची, घसा खवखवायचा, आणि खोकायची चोरी.

ही आठवण तुम्ही घेतली आहे. मोठ्या अक्षरात, चित्रासह. तुमचे आभार.

त्याच बळदाची दुसरी आठवणही मी तुम्हाला दिली होती. ॲक्शन, म्हणजे भारत सरकारची पोलीस कारवाई, झाली, निजाम शरण आला, आणि त्यानंतरच्या आठवड्यांत आमच्या गल्लीतल्या मणेराच्या घरावर लोक चालून आले. मणेर म्हणजे आमच्या बायकांच्या हातात सणासुदीला बांगड्या भरणारं मुसलमान घर. त्या घरातला एकही माणूस रझाकारांत नव्हता, हे सगळ्या गावाला माहीत होतं. दोन भाऊ मारले गेले. त्यांची बहीण दहाबारा वर्षांची. ती मागच्या दारानं आमच्या वाड्यात आली आणि आजीनं तिला त्याच बळदात उतरवलं. तीच फळी, तोच तांब्या. नंतर तिला परकर-पोलकं घालून, कुंकू लावून जात्यावर बसवलं आणि विचारायला आलेल्यांना सांगितलं, माहेरची भाची आहे. त्या वेळी आजीच्या थोरल्या दिराला जाऊन वर्षही झालं नव्हतं. त्या मुलीनं म्हातारपणी हे सगळं मला सांगितलं, तिच्याच आवाजात ते नोंदलेलं आहे. ते तुम्ही वगळलंत.

एकाच बळदातली एक आठवण दालनात जाते आणि दुसरी जात नाही. माझी सगळी तक्रार इथून सुरू होते.

पहिली गोष्ट इतिहासाची. भारतीय फौजा १३ सप्टेंबर १९४८ रोजी सोलापूरकडून शिरल्या, पहिल्याच दिवशी नळदुर्गचा पूल घेतला, आणि १७ तारखेला निजाम मीर उस्मान अली खानाने शरणागती जाहीर केली. तुमचा शेवटचा फलक इथे संपतो. पण लोक काही त्या संध्याकाळी संपले नाहीत. पुढच्या आठवड्यांत जे घडलं त्याच्या बातम्या दिल्लीला पोचल्या, आणि पंतप्रधान नेहरूंनी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना इकडे पाठवलं. सुंदरलाल हे गांधीजींच्या मार्गाचे जुने स्वातंत्र्यसैनिक. १९४८च्या नोव्हेंबर-डिसेंबरात ते संस्थानाच्या सोळापैकी नऊ जिल्ह्यांत फिरले आणि शेकडो माणसांशी बोलले. त्यांचा अंदाज असा, की ॲक्शनच्या काळात आणि त्यानंतर संस्थानभर सत्तावीस ते चाळीस हजार माणसं मारली गेली. सगळ्यात जास्त झळ बसलेले जिल्हे त्यांनी चार सांगितले : उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. त्यातले दोन मराठवाड्याचे.

आपलं लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात. व्यापाराची मोठी पेठ, कच्छी मुसलमान व्यापाऱ्यांची भरभराट, आणि रझाकारांचा पुढारी कासिम रझवी याची वकिली याच गावातली. अहवाल म्हणतो, की इथे वीस दिवसांहून अधिक काळ हत्या चालू होत्या. सुमारे दहा हजार मुसलमान वस्तीपैकी जेमतेम तीन हजार उरलेले दिसले, हजारावर मारले गेले आणि बाकीचे पळून गेले. लुटालूट, बायका पळवणं, जबरदस्तीची धर्मांतरं, प्रेतांनी भरलेल्या विहिरी, हे सगळं त्यात आहे. काही ठिकाणी सैनिकही सामील होते असं त्यात आहे, आणि लष्करी गव्हर्नर जनरल चौधरी यांच्या निःपक्षपातीपणाबद्दल चांगले शब्दही आहेत. सरदार पटेलांना हा अहवाल मान्य नव्हता. सरकारने तो कित्येक दशकं प्रसिद्ध केला नाही. आता दिल्लीत प्रधानमंत्री संग्रहालय व ग्रंथालयात, म्हणजे पूर्वीच्या नेहरू स्मारकाच्या ग्रंथालयात, तो अभ्यासकांना पाहता येतो. आकड्यांवर वाद घालायचा तर जरूर घालू, पण त्यासाठी आधी फलक लागतो.

त्याच अहवालातला एक भाग तर तुम्ही अभिमानानं लावायला हवा होता. हिंदू शेजाऱ्यांनी मुसलमान शेजाऱ्यांना, प्रसंगी स्वतःचा जीव देऊन वाचवल्याची उदाहरणं सुंदरलालांना जागोजाग मिळाली. हिंदू विणकर मुसलमान विणकरांच्या बाजूनं उभे राहिले आणि त्याची जबर किंमत त्यांनी मोजली. पळवलेल्या बायका परत आणायला हिंदूंनी मदत केली. म्हणजे माझ्या आजीनं केलं ते अपवादानं घडलेलं नव्हतं. पुढची पानं झाकलीत, तर मारणाऱ्यांबरोबर हे वाचवणारेही झाकले जातात.

दुसरी तक्रार रझाकारांच्या फलकाबद्दल. त्यांचे अत्याचार कमी करून सांगावेत असं मी स्वप्नातही म्हणणार नाही. बिलोलीजवळ अर्जापूरला १९४६ साली स्वातंत्र्यसैनिक गोविंदराव पानसरे मारले गेले, बिदर जिल्ह्यातलं गोरटा आणि तेलंगणातलं भैरनपल्ली १९४८ साली रक्तात न्हालं. आपल्याकडची गावंच्या गावं उठून भारताच्या हद्दीत गेली ती उगाच नाही. पण तुमचा फलक वाचून शाळकरी पोराला वाटेल, की मुसलमान म्हणजे रझाकार आणि हिंदू म्हणजे स्वातंत्र्यसैनिक. 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान भारतात विलीन व्हा असं लिहीत राहिले, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी हैदराबादेत त्यांचा खून केला. त्यांचं नाव तुमच्या एकाही फलकावर नाही. उलट बाजूनं, निजामाच्या चाकरीत असलेले हिंदू जहागीरदार, देशमुख, पोलीस पाटील यांचाही उल्लेख नाही. गावात रयतेला नाडणारे सगळेच काही हैदराबादहून आलेले नव्हते.

धर्माचा उपयोग तिथे कसा झाला, हेही दालनाने समजावून सांगायला हवं. मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीन या संघटनेने, रझाकार तिचेच, 'अनल मलिक'ची शिकवण दिली : या राज्यातला प्रत्येक मुसलमान हाच राज्यकर्ता. आमच्याकडचा पिंजारी, मणेर, मजूर मुसलमान, ज्याच्या घरी दोन वेळची भाकरी नव्हती, त्याला सांगितलं गेलं की तू राजा आहेस. रझवीच्या भाषणात लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा फडकत होता. सत्तेचा लाभ त्या गरिबाला कधी झालाच नाही. सूडाची वेळ आली तेव्हा मात्र तोच सापडला, कारण पैसेवाले आणि पुढारी आधीच निघून गेले होते. रझवीवर खटला चालला, शिक्षा झाली, १९५७ साली सुटून तो पाकिस्तानात गेला आणि तिथेच वारला. मणेराचे दोन भाऊ मात्र आमच्या गावच्या ओढ्याकाठी संपले.

तिसरी गोष्ट स्वामीजींची. तुमच्या प्रवेशद्वारावर स्वामी रामानंद तीर्थांचं मोठं चित्र आहे. भगवी वस्त्रं घातलेला संन्यासी, हिप्परग्याच्या आणि अंबाजोगाईच्या शाळेतला मास्तर, निजामाविरुद्ध लढणाऱ्या हैदराबाद स्टेट काँग्रेसचा अध्यक्ष. या माणसानं संन्यासाचं वस्त्र अंगावर असताना सगळा लढा निजामाच्या राजवटीविरुद्ध ठेवला, मुसलमान शेजाऱ्याविरुद्ध जाऊ दिला नाही. गोविंदभाई श्रॉफ, दिगंबरराव बिंदू, अनंत भालेराव या त्यांच्या सहकाऱ्यांची भूमिका तीच. हे संयमाचं काम लाठ्या खाण्याइतकंच अवघड होतं, कारण दर आठवड्याला कुठून तरी जळालेल्या घरांची बातमी येत होती. स्वामीजी शेवटपर्यंत तुरुंगात होते, ॲक्शननंतर सुटले. ॲक्शननंतरचा सूड त्यांच्या लढ्यात मोडत नाही, तो त्यांच्या शिकवणीच्या विरुद्ध घडला. तो सांगितला तर त्यांच्यावर डाग कसा पडेल? उलट न सांगितल्यामुळेच लोक आज तो सूड लढ्याच्या खात्यावर टाकतात, काहीजण तर कौतुकानं टाकतात.

आता धार्मिक भावनांबद्दल. या मुद्द्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण समितीने धर्माचं नाव घेऊन आठवण वगळली आहे.

माझा जन्म वारकरी घरातला. आमच्या घरी श्रावणात महाभारत वाचलं जायचं, आणि आजी ते शेवटपर्यंत ऐकायची. अठराव्या दिवशी युद्ध जिंकलं तिथे व्यासांनी पोथी मिटली नाही. त्यानंतर सौप्तिक पर्व येतं, झोपेतल्या माणसांची कत्तल येते. त्यानंतर स्त्रीपर्व येतं, गांधारी रणांगणावर उभी राहून एकेका प्रेताकडे बोट दाखवते, आणि श्रीकृष्णाला ते सगळं ऐकून घ्यावं लागतं. द्रोण कसे मारले, दुर्योधनाच्या मांडीवर गदा कशी बसली, यातलं काहीही झाकलेलं नाही, आणि ही जिंकलेल्या बाजूची कथा आहे. शेवटी युधिष्ठिर आज्ञा देतो, की मेलेल्या सगळ्यांचे अंत्यविधी करा, ज्यांना कोणी नाही त्यांचेही. सर्वपित्रीच्या तर्पणातही आपण म्हणतो, जे माझे बांधव आहेत आणि जे नाहीत, तेही तृप्त होवोत. ज्या धर्मात विजयाच्या पोथीत शत्रूच्या आईचा आक्रोश पूर्ण एक पर्व व्यापतो, त्या धर्माच्या भावना मणेराच्या मुलीच्या आठवणीनं कशा दुखावतील?

छत्रपती शिवाजी महाराजांचं चित्रही दालनात आहे. चिपळूणच्या छावणीला त्यांनी लिहिलेलं पत्र त्याशेजारी लावा. रयतेचं धान्य, गवत, भाजी जोरानं घ्याल तर लोकांना मोगलांपेक्षा तुम्हीच वाईट वाटाल, असं राजा आपल्याच सैन्याला लिहितो. खाफी खान हा तर त्यांचा द्वेष करणारा इतिहासकार. त्यानंही लिहून ठेवलं, की मशीद, कुराण आणि बाई यांना हात लावायचा नाही असा शिवाजीचा नियम होता. युद्धातलं वागणं कसं असावं हे आपल्याकडे कोणी बाहेरून येऊन शिकवायची गरज नव्हती. १९४८ साली ते आपण मोडलं. रझाकारांनी त्यांच्या धर्मातलं मोडलं : बायका, पोरं, म्हातारे यांना मारू नका, फळझाड तोडू नका, मठातल्या साधूंना हात लावू नका, हा पहिले खलिफा अबू बक्र यांचा फौजेला दिलेला हुकूम मशिदीत शिकलेल्या पोराला माहीत असतोच.

म्हणूनच या पत्राचा एक भाग आमच्या तालुक्यातल्या मुसलमान वडीलधाऱ्यांसाठीही आहे. तुमच्या घरांतून ॲक्शनची आठवण कुजबुजत सांगितली जाते, ते दुःख मी ऐकलं आहे. पण त्याआधीचं एक वर्षही तुमच्या मुलांना सांगा. गावात रझाकारांचा तळ पडला तेव्हा कोण भरती झालं, कोणी घरं दाखवली आणि कोण गप्प बसलं, हेही दालनात तुमच्या तोंडून यायला हवं. एखाद्या जमातीच्या वैरापायी न्यायापासून ढळू नका, हे कुराणाच्या सूरह माइदात आहे. ते वैर समोरच्याचं असतानाही लागू आहे आणि आपलं असतानाही. मौलाना आणि दर्ग्याचे विश्वस्त यांनी या कामात पुढं यावं अशी माझी हात जोडून विनंती आहे. परभणीच्या उरसाला आणि कंधारच्या दर्ग्याला हिंदू आजही नवस बोलतात, गावोगावच्या मोहरमच्या सवारीला आमच्या घरचा नारळ जातो. ज्यांचे सण एकमेकांत मिसळलेले आहेत त्यांच्या मयताच्या याद्या वेगवेगळ्या खोल्यांत ठेवता येणार नाहीत.

खपली काढू नका, असंही मला सांगितलं गेलं. खपली जखम भरल्यावर येते, इथे जखम कोणी धुतलेलीच नाही. ज्या घरात काही सांगितलं जात नाही, त्या घरातल्या पोराला मोबाइलवर भलताच कोणी तरी सांगतो, आणि तो वाढवून सांगतो. दर सप्टेंबरला काय काय फिरतं ते तुम्हीही पाहता. देशाने २०२१ पासून १४ ऑगस्ट हा फाळणीच्या वेदनांचा स्मृतिदिन म्हणून पाळायला सुरुवात केली. अमृतसरला २०१७ साली फाळणीचं संग्रहालय उघडलं, तिथे सामान्य माणसांच्या पेट्या, कपडे आणि आवाज जपले आहेत. जे पंजाबसाठी योग्य ते मराठवाड्यासाठी अयोग्य, हे मला पटत नाही.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

शेवटच्या फलकानंतर "१७ सप्टेंबरनंतर" असा स्वतंत्र विभाग करा आणि नोंदवलेल्या आठवणी काटछाट न करता तिथे ऐकू द्या.

तालुक्यातल्या मृतांची गाववार यादी करा. रझाकारीत गेलेले आणि ॲक्शननंतर गेलेले एकाच भिंतीवर, गावाच्या नावाखाली. माझ्या थोरल्या आजोबांचं नाव मणेराच्या दोन भावांशेजारी यावं, याला माझी आणि आमच्या घरातल्या सगळ्यांची लेखी संमती आहे. मारणाऱ्यांची नावं मात्र फलकावर नकोत. त्यांचे नातू-पणतू आज त्याच गल्लीत राहतात आणि त्यांनी काही केलेलं नाही. ती नावं अभ्यासकांसाठी कुलूपबंद कागदात राहू द्या.

शोएबुल्ला खान यांचा फलक लावा. सुंदरलाल अहवालाचा मराठी अनुवाद आणि त्यावर सरकारने घेतलेले आक्षेप, दोन्ही वाचायला ठेवा. अनुवादाचं काम मी आणि माझे काही सहकारी विनामोबदला करू.

ज्यांनी शेजाऱ्याला वाचवलं त्यांचा, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, शोध घ्या. घराघरांतून विचारलं तर अजून सापडतील, पण आणखी पाच वर्षांनी सापडणार नाहीत.

समितीवर दोन्ही काळांत माणसं गमावलेल्या घरांतलं कोणी तरी घ्या. सध्याच्या यादीत एकही मुसलमान नाही आणि एकही बाई नाही. बदनापूरकडच्या दगडाबाई शेळके घोड्यावरून लढल्या हे तुम्ही फलकावर छापलं आहे, तेव्हा बाईला टेबलाशी बसवायला हरकत नसावी.

यावर उद्घाटनाआधी लेखी उत्तर द्यावं. उत्तर नकाराचं असेल तर माझ्याकडून घेतलेल्या सगळ्या आठवणी परत कराव्यात, रझाकारीतल्यासुद्धा, आणि बळदाचं ते चित्र भिंतीवरून उतरवावं. एका मुलीला वगळून आमच्या आजीची गोष्ट सांगायला माझी परवानगी नाही.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, जि. लातूर